'केमिकल फ्री' लिहिणाऱ्यांत मीही होतो

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. पण ज्यांच्या घरात मार्चमधल्या प्रदर्शनात घेतलेली कोरफड जेलची बाटली आहे, त्यांनी आधी एक काम करा. बाटली उजेडात धरून बघा. आत काळे-हिरवे ठिपके, तंतू, बुडबुडे, झाकण उघडल्यावर आंबूस वास, यातलं काहीही असलं तर सरळ फेकून द्या. काही दिसत नसलं तरी फेकून द्या. का, ते खाली सांगतो.

८ मार्चला पंचायत समितीच्या आवारात महिला दिनाचं प्रदर्शन होतं. मांडव, स्टॉल, फीत कापणे, भाषणं, सगळं नेहमीचं. पापड-कुरडया, मसाले, गोधड्या यांच्या रांगेत एक वेगळा स्टॉल होता. गावातल्याच एका बचत गटाच्या बारा बायकांनी कोरफड जेल, गुलाबाचं फेस क्रीम आणि काकडीचं टोनर मांडलं होतं. बाटल्या छान, स्टिकर रंगीत, किंमत १२० रुपये. स्टिकरवर ठळक अक्षरांत: '१००% नैसर्गिक, केमिकल फ्री, नो प्रिझर्वेटिव्ह'. खाली 'एक्स्पायरी: १२ महिने'.

मी फोटो काढले, गटाच्या अध्यक्ष ताईंशी बोललो, आणि दुसऱ्या दिवशी चार कॉलम बातमी लागली. मथळा मीच दिला होता: 'रसायनमुक्त सौंदर्याचा ग्रामीण मंत्र'. आज तो वाचताना माझे कान गरम होतात. बातमीचं कात्रण त्यांनी लॅमिनेट करून स्टॉलवर लावलं. फोनवरून ऑर्डरी आल्या. मीही घरी दोन बाटल्या नेल्या. एक आमच्या घरी, एक पुतणीला.

तिसऱ्या आठवड्यात पुतणीचा गाल लाल झाला, बारीक पुळ्या आल्या. आधी वाटलं ऊन. मग तिच्या आईने बाटली पाहिली तर तळाशी कापसासारखं काहीतरी तरंगत होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि बाटली बघून एकच प्रश्न विचारला, "यात प्रिझर्वेटिव्ह काय घातलंय?" वहिनी अभिमानाने म्हणाली, "काहीच नाही." डॉक्टर म्हणाले, "तोच तर घोटाळा आहे."

पुळ्या बुरशीनेच आल्या की जेलमधल्या दुसऱ्या कशाने, हे त्या एका तपासणीवरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण तो कापूस सगळ्यांनी पाहिला.

एप्रिलमध्ये अध्यक्ष ताई माझ्या ऑफिसात आल्या. हातात पिशवी, पिशवीत परत आलेल्या बाटल्या. ४६. प्रत्येकीचे पैसे त्यांनी परत केले होते, म्हणजे साडेपाच हजार रुपये गेले. मिक्सर, बाटल्या, स्टिकर यांच्यासाठी गटातून उचललेलं कर्ज अजून फिटायचं होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुम्हीच पेपरात लिहिलं होतं ना, केमिकल फ्री म्हणून? लोक विचारतात, केमिकल नाही तर मग बुरशी कशी आली? मी काय सांगू त्यांना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दीड-दोन महिने मी वाचत, विचारत फिरलो. फार्मसी कॉलेजच्या सरांकडे बसलो, कायद्याचे कागद चाळले. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर सोपं आहे: केमिकल नव्हतं, म्हणूनच बुरशी आली.

आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे स्वयंपाकघरात माहीत असतं. पापड वर्षभर टिकतो, कारण तो कोरडा. लोणचं टिकतं, कारण त्यात मीठ, आंबटपणा आणि वर तेलाचा थर. मुरांबा साखरेमुळे टिकतो. आणि ओल्या खोबऱ्याची चटणी? सकाळची संध्याकाळी आंबते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आजी ओरडायची. तिला सूक्ष्मजंतू माहीत नव्हते, पण पाणी आलं की नासणार, हे पक्कं माहीत होतं.

आता कोरफडीचा गर घ्या. त्यात जवळजवळ सगळं पाणीच, शंभरात ९८-९९ भाग. वर थोडी साखरेसारखी द्रव्यं, म्हणजे जंतूंना जेवणही तयार. तो गर घरच्या मिक्सरमध्ये फिरवला, त्यात गुलाबपाणी घातलं, हाताने बाटलीत भरला आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात टपरीवर मांडला. ही ओल्या खोबऱ्याची चटणीच आहे. फक्त आपण तिच्यावर एक्स्पायरी १२ महिने लिहिली.

लोणच्यातलं मीठ हे प्रिझर्वेटिव्हच आहे. पण चेहऱ्याच्या क्रीममध्ये लोणच्याइतकं मीठ किंवा मुरांब्याइतकी साखर घालता येत नाही. म्हणून तिथे दुसरं काहीतरी, अगदी थोडं, शंभरात एक भाग किंवा त्याहून कमी घालावं लागतं. एवढीच ती भानगड. शब्द इंग्रजी आहे म्हणून आपण घाबरलो.

गटातल्या ताईंना मी विचारलं, तुम्हाला शिकवलं काय होतं? तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. कुणी घेतलं ते नाव इथे लिहीत नाही, कारण असं एकच नाही, अशी डझनभर आहेत. तीन दिवसांत अकरा उत्पादनं शिकवली. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. प्रिझर्वेटिव्हबद्दल विचारल्यावर सांगितलं, "व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घाला, टिकतं."

इथे थांबून सांगायलाच पाहिजे, कारण यूट्यूबवरही हेच चालतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं. बुरशी आणि जंतूंना ते काहीही करत नाही. रोजमेरीचा अर्क विकतात, त्याचंही तेच. खवटपणा वेगळा, नासणं वेगळं. जुन्या शेंगदाण्याला वास येतो तो खवटपणा, आणि शिळ्या भाताला तार सुटते ते नासणं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

मग कडुलिंब, हळद, कापूर, टी ट्री तेल? यांच्यात जंतूंशी लढण्याचे गुण थोडेफार आहेत, ते कुणी नाकारत नाही. पण क्रीम महिनोन्महिने सांभाळायचं तर त्यांचं प्रमाण इतकं वाढवावं लागेल की चेहराच भाजेल. वर दर वेळच्या पाल्यात ताकद सारखी नसते. 'ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट' नावाचं एक महागडं नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह ऑनलाइन मिळतं. परदेशात त्याचे नमुने तपासले तेव्हा काहींत चक्क कृत्रिम जंतुनाशक सापडलं. म्हणजे काम करत होतं ते केमिकलच.

फ्रीजचं म्हणाल तर स्वतःपुरता ताजा गर काढा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा. बिनधास्त. आपल्या आया-आज्यांनी हेच केलं, तेही फ्रीजशिवाय. रोजचं रोज वाटायचं, रोजचं रोज लावायचं. त्यांनी बाटलीत भरून विकलं नाही. आपण त्यांचा हवाला देतो आणि त्यांनी कधीच केली नव्हती ती गोष्ट करतो.

आता सुरुवातीला म्हणालो ते. काही दिसत नसलं तरी फेका, असं का? बुरशी दिसते, ते एका अर्थी बरंच. जंतू मात्र दिसत नाहीत. जेल आरशासारखं स्वच्छ असतानाही त्यात लाखांनी जंतू असू शकतात. बाजारातल्या सौंदर्यप्रसाधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक साधारण असं आहे: एका ग्रॅममध्ये जिवंत सूक्ष्मजीव १००० च्या वर नकोत. डोळ्यांभोवती लावायचं किंवा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असेल तर १०० च्या वर नकोत. आणि काही जंतू तर अजिबात नकोत. त्यातला एक स्यूडोमोनास. त्याला पाणी लागतं, खायला फार काही लागत नाही, आणि तो डोळ्यातल्या ओरखड्यात शिरला तर बुबुळाला जखम करतो. नजर जाऊ शकते. दूषित झालेल्या मस्कऱ्यामुळे परदेशात असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. धडधाकट माणसाच्या अखंड त्वचेवर बहुतेक वेळा काही होत नाही, हेही खरं. पण आपण विकतो तेव्हा समोरच्याला मधुमेह आहे का, चेहऱ्यावर फोड फुटलेला आहे का, घरात तान्हं बाळ आहे का, हे विचारून विकत नाही.

"पण भाऊ, पॅराबेनने कॅन्सर होतो म्हणतात." गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. या भीतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेनचा अंश सापडल्याचं प्रसिद्ध केलं. शेजारच्या निरोगी भागात तो किती असतो, याची तुलना त्यात नव्हती. पॅराबेनमुळे कॅन्सर झाला, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नव्हतं. पण बातमी जगभर फिरली, आणि कंपन्यांना 'पॅराबेन फ्री' हा नवा धंदा मिळाला.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असाही नाही. युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली, कारण त्यांच्याबद्दल पुरेशी माहितीच दिली गेली नव्हती. प्रोपिल आणि ब्यूटिल या दोघांची मर्यादा कमी केली, तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या उत्पादनांत ते नको म्हटलं. मिथाइल पॅराबेन मात्र ०.४ टक्क्यापर्यंत आजही चालतं. म्हणजे प्रत्येकाची वेगळी चौकशी करून वेगळा निकाल. सगळ्यांना एकाच दोरीने बांधलं नाही.

आणि पुढची गंमत बघा. लोकांनी पॅराबेन नको म्हटल्यावर कंपन्यांनी दुसऱ्या प्रिझर्वेटिव्हकडे मोर्चा वळवला. त्यातलं एक मिथाइलआयसोथायाझोलिनोन. नाव उच्चारता येत नाही, पण त्याने ॲलर्जीची अशी लाट आणली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातलं ॲलर्जन' ठरवलं, आणि युरोपने २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते बंद केलं. भीतीपोटी एक सोडलं आणि त्याहून त्रासदायक ते पदरात घेतलं. आपल्या गटांच्या बाबतीत तर त्याहून वाईट झालं. त्यांनी सोडलं, आणि बदल्यात काहीच घेतलं नाही.

मग निवडायचं कसं? मी रसायनशास्त्रज्ञ नाही, डिप्लोमा पत्रकारितेचा आहे. पण जाणत्यांकडून जे समजलं ते गटातल्या ताई-माईंना कळेल असं लिहितो. याला प्रशिक्षण समजू नका. प्रशिक्षकाला कोणते प्रश्न विचारायचे, त्याची यादी समजा.

१) पाणी आहे का? उटणं, मुलतानी मातीची कोरडी पूड, केसांचं तेल, मेण-तेलाचा बाम यांत पाणी नसतं, म्हणून प्रिझर्वेटिव्हही सहसा लागत नाही. फक्त बाटली कोरडी हवी, पूड नीट वाळलेली हवी, ओला हात आत जायला नको. पाणी, गुलाबपाणी, गर, दूध, मध-पाण्याचं मिश्रण, काकडीचा रस यातलं काहीही असेल तर प्रिझर्वेटिव्ह हवंच. आणि ताजं दूध, फळांचा गर असल्या वस्तू विकायच्या क्रीममध्ये घालूच नका. प्रिझर्वेटिव्हलाही मर्यादा असते.

२) आंबटपणा किती? म्हणजे पीएच. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी स्वस्त आणि ओळखीची. बेंझोएट तर बाजारच्या लोणच्या-सरबतांतही असतं. पण ही जोडी आंबट मिश्रणातच काम करते, पीएच ५ किंवा त्याच्या खाली. त्याच्या वर गेलं की घातलं काय न घातलं काय, सारखंच. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात एक पट्टीसुद्धा कुणी दाखवली नव्हती.

३) दुसरा पर्याय फिनॉक्सीइथेनॉल. पीएच थोडा वर-खाली झाला तरी चालतं, मर्यादा १ टक्का. जंतूंवर चांगलं, बुरशीवर जरा कमी पडतं, म्हणून ते बहुधा दुसऱ्या घटकाबरोबर जोडून विकतात. तिसरा पर्याय बेंझिल अल्कोहोल आणि डिहायड्रोॲसेटिक ॲसिड यांचं मिश्रण. हे बऱ्याच 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या ब्रँडमध्येही असतं. घेताना पुरवठादाराकडून त्या मालाचा कागद मागा: किती टक्के घालायचं, कोणत्या पीएचला, किती तापमानाला. कागद देत नसेल तर दुसऱ्याकडे जा.

४) वजनाने मोजा. 'अर्धा चमचा', 'चार थेंब' हे स्वयंपाकात ठीक. इथे कमी पडलं तर माल नासतो, जास्त झालं तर कातडी भाजते. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम म्हणजे काटा चांगला हवा. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा. खर्चाचा बाऊ करू नका. प्रिझर्वेटिव्ह हजार-दीड हजार रुपये किलो धरलं तरी शंभर ग्रॅमच्या बाटलीमागे रुपया-दीड रुपया पडतो. त्या रुपयासाठी साडेपाच हजार गेले.

५) प्रिझर्वेटिव्ह म्हणजे घाणीवर पांघरूण नव्हे. भांडी उकळलेली, हातमोजे, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, हे आधी. आणि शक्यतो बोट घालायची डबी नको, दाबून काढायची बाटली बरी. प्रत्येक बोटाबरोबर नवी वस्ती आत जाते.

६) एक्स्पायरी मनाने लिहायची नाही. प्रयोगशाळेत त्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस बघतात, प्रिझर्वेटिव्ह त्यांना मारतं का. त्याबरोबर माल ऊन-थंडीत ठेवून किती टिकतो तेही बघतात. मग आकडा येतो. आमच्या गटाचा '१२ महिने' कुठून आला, माहितीये? स्टिकर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल होती, त्यात १२ महिने होतं. तेच राहिलं.

आता कायद्याचं. स्वतःला लावायला घरी काय वाटेल ते करा, कुणी विचारणार नाही. पण विकायला सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. परवाना लागतो. तो आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर घटकांची यादी, बॅच नंबर, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, किती तारखेपर्यंत वापरायचं, हे सगळं लागतं. बचत गट आहे म्हणून सूट नाही. त्या प्रदर्शनात एका स्टॉलवरच्या फेस पॅकवर चक्क खाद्यपदार्थांचा नंबर छापलेला होता. तो चेहऱ्याच्या मालाला चालत नाही. उद्यम नोंदणी हाही उत्पादनाचा परवाना नव्हे. 'आयुर्वेदिक' म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. त्या मांडवात अधिकारी होते, पदाधिकारी होते, बँकेचे साहेब होते, प्रशिक्षण देणारे होते, आम्ही पत्रकार होतो. सगळ्यांनी स्टॉलवर उभं राहून फोटो काढले. बाटली हातात घेऊन "वा, वा" केलं. "ताई, परवाना आहे का? टिकायला काय घातलंय?" हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. बायकांना टाळ्या हव्यात असं आपण धरून चाललो. त्यांना माहिती हवी होती.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण पोस्टच्या आधी तो मीच स्वतःला घेतला. "मोठ्या कंपन्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि गरीब बायकांनी चार पैसे मिळवले की लगेच नियम आठवतात." यात तथ्य आहे. दोन खोल्यांच्या घरात बनवणाऱ्या बाईला जागेचे निकष, तांत्रिक माणूस, तपासणीची सोय हे सगळं एकटीने जमणं अवघडच. पण म्हणून तिला नियमच सांगायचे नाहीत, याला मी तिची बाजू घेणं म्हणत नाही. कंपनीचा एक लॉट नासला तर त्यांचा वकील बघतो. गटाचा एक लॉट नासला तर बारा घरांतली भांडणं होतात, हप्ता थकतो, आणि पुढच्या वेळी त्या बाईला घरात कुणी विचारत नाही. नुकसान तिचंच सगळ्यात मोठं आहे. अध्यक्ष ताईंच्या नवऱ्याने काय ऐकवलं असेल, ते त्यांनी मला सांगितलं नाही. न सांगताही कळलं.

आणि थोडं गिऱ्हाइकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. आपल्याला 'केमिकल फ्री' पण हवं आणि वर्षभर टिकणारंही हवं. दोन्ही एकदम मिळत नाही. पाणीसुद्धा केमिकलच आहे, हे शाळेत शिकलोय आपण. त्यामुळे ज्या बाटलीवर 'केमिकल फ्री' लिहिलंय, त्या बाटलीवर पहिली खोटी ओळ तीच आहे. ज्या बाटलीवर घटकांची पूर्ण यादी आहे आणि त्यात एखादं अवघड नाव आहे, तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. निदान तिने काही लपवलेलं नाही.

मला काय हवंय, ते स्पष्ट लिहितो.

एक. उमेद असो, माविम असो, जिल्हा उद्योग केंद्र असो, त्वचेला लावायच्या वस्तूंचं प्रशिक्षण द्यायचं तर त्यात अर्धा दिवस प्रिझर्वेटिव्ह, पीएच आणि स्वच्छतेला आणि अर्धा दिवस परवाना-लेबलला द्या. अकरा उत्पादनं शिकवण्यापेक्षा दोन नीट शिकवा.

दोन. प्रत्येक गटाला वेगळा परवाना जमणार नाही. मग तालुक्यात एक सामाईक युनिट करा, परवाना एक, तांत्रिक माणूस एक, गट आलटून पालटून तिथे माल बनवतील. दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत स्वतःच्या नावाने माल बनवायची सोयही नियमांत आहे, त्याला लोन लायसन्स म्हणतात. हे सरकारी योजनेत बसवणं अशक्य नाही. मांडवाला आणि फ्लेक्सला पैसे निघतात तर प्रयोगशाळेच्या फीलाही निघतील.

तीन. प्रदर्शनात स्टॉल देताना पाण्याच्या मालाला परवाना आणि तपासणीचा कागद बघूनच जागा द्या. तोवर ज्यात बिघडायची भीती कमी, अशा उटणं, तेल, बाम यांच्यापासून सुरुवात करू द्या. परवाना त्यालाही लागतोच, पण निदान बुरशीने घात होणार नाही.

चार. आम्ही पत्रकारांनी 'रसायनमुक्त' हा शब्द मथळ्यात वापरणं थांबवावं. मी थांबवलाय.

गेल्या आठवड्यात फार्मसी कॉलेजच्या प्राचार्यांना भेटलो. त्यांच्याकडे पीएच मीटर आहे, जंतू तपासायची लॅब आहे, मुलांना प्रॅक्टिकलही करायचंच असतं. त्यांनी जूनमधला एक शनिवार द्यायचं कबूल केलंय. गटातल्या बायकांनी आपापली एक बाटली घेऊन यायचं. मुलं प्लेटवर थोडं जेल लावून ठेवतील आणि दोन-तीन दिवसांनी त्यात काय उगवलं ते दाखवतील. मला वाटतं त्या एका प्लेटने जे कळेल ते माझ्या अशा दहा पोस्टींनी कळणार नाही. तारीख ठरली की इथेच टाकतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही, ग्रुप फोटोही नाही.

अध्यक्ष ताईंना फोन करून सांगितलं. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "येतो आम्ही बाराही जणी. पण दादा, ते लॅमिनेट केलेलं कात्रण अजून स्टॉलच्या सामानात आहे. त्याचं काय करू?"

म्हटलं, फेकू नका, शनिवारी घेऊन या. बातमी मी लिहिली होती, दुरुस्तीही मीच लिहून देतो.